चिपचा मोकळा पाय

निशिकांतच्या गिटार-पेडलमधली चिप जळाली होती. तशीच मिळाली नाही, म्हणून मी पर्यायी बसवली आणि तिचा एक पाय मुद्दाम मोकळा ठेवला. तो जोडला नाही, की सुरांमागे बारीक शिट्टी वाजत राहते. ऑर्केस्ट्रात माझ्या खुर्चीवर बसून टाळ्या घेतो काय? घे म्हणावं!

तो माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आला, पेडल जोडून गिटार वाजवू लागला. शिट्टी माझ्या कानात सुईसारखी घुसली. त्याने डोळे मिटले. “वा! एकदम स्वच्छ.”

“शिट्टी नाही ना येत?” मी विचारलं.

“कसली शिट्टी?” तो हसला. “तुझ्या त्या खुर्चीला स्पीकर अगदी चिकटून आहे रे. हल्ली मला सगळं लांबून ऐकू येतं.”

“दे इकडे. एक पाय जोडायचा राहिलाय.”

पाय जोडताच शिट्टी थांबली. त्याला तेही कळलं नाही.