घाबरलेला बेस

बेस देवाची मातीची मूर्ती हातातून निसटली आणि उंबऱ्यावर आपटून तिचे तुकडे झाले. पाशेद कुंभार बघतच राहिला.

आत त्याची बायको हुनरो कालपासून अडलेली. बाळंतपणाच्या विटांवर बसून बसून पायांतलं त्राण गेलेलं. अडलेल्या बाईच्या कपाळावर बेस टेकवला की बाळाच्या वाटेतली भुतं पळतात, हे नाईलकाठचं शेंबडं पोरही सांगेल. बुटका, डोळे वटारलेला, जीभ बाहेर काढलेला देव तो. आणि ह्या गाढवाने नेमका तोच फोडून ठेवला!

"रडतोस काय? दुसरा कर!" पडद्याआडून मेरुत सुईण खेकसली. "कुंभार ना तू?"

कुंभार खरा, पण जन्मभर रांजण केलेले. देवाचं तोंड कधी घडवलंय? त्याने ओल्या मातीचा गोळा घेतला. पोट झालं, वाकडे पाय झाले, पण चेहरा काही रागीट होईना. डोळे वटारायला जावं तर ते भेदरायचे. भाजायला वेळ कुठला? त्याने तो तसाच कच्चा पडद्याआत सरकवला.

"अगं बाई! हा काय देव?" मेरुत ओरडली. "याला बघून भुतं पळायची सोडून मांडी घालून बसतील!"

आपल्या हातांनी आपण बायको घालवली, असंच पाशेदला वाटलं.

"बघू तरी, मावशी," हुनरोचा क्षीण आवाज आला. आणि मग ती हसली. कण्हत, धापा टाकत, पण पोट धरून हसली.

"अगं मावशी, हे तर आमचे हे! कुणी अंगावर ओरडलं की अस्सेच दिसतात!"

हसता हसताच तिने तो कपाळाला टेकवला आणि किंकाळी फोडली. "आता सोडू नकोस, पोरी, लाव जोर!" मेरुत ओरडली, आणि पाठोपाठ एक कोवळं, चिडकं रडू घरभर झालं.

पाशेद पडदा सारून आत गेला. लेक झाली होती. हुनरोच्या कपाळावर ओल्या मातीचा डाग तसाच होता.

"हा मला दे गं," हात पुसत मेरुत म्हणाली. "पलीकडच्या आळीतल्या सुनेचे दिवस भरत आलेत. तिथे कामाला येईल."

हुनरोने एका हाताने लेकीला आणि दुसऱ्या हाताने तो कच्चा बेस छातीशी धरला.

"काहीतरीच काय, मावशी! नवरा का कुणी उसना देतं?"