सांडशीवाली

चर्चच्या दारावर पहिला घण पडला, तशी बार्बेलनं सुरी काढली आणि भिंतीवरच्या चित्रापाशी धावली.

चित्र तिच्या मेलेल्या नवऱ्यानं रंगवलेलं. गेंट शहरातले दातदुखीवाले जिला साकडं घालत ती, जल्लादांनी दात उपटून छळलेली संत अपोलोनिया: हातात सांडशी, सांडशीत उपटलेला दात, डोक्यामागे सोन्याचं वलय. चेहरा मात्र त्यांच्या योसिनाचा. सतराव्या वर्षी प्लेगनं नेली पोरीला, आणि तिचं रूप आता साऱ्या जगात या एका फळीवर उरलेलं.

मूर्ती फोडत फिरणाऱ्या या टोळीची रीत बार्बेलनं कालच पलीकडच्या चर्चमध्ये पाहिली होती. चित्रात संत दिसला की आधी डोळे फोडायचे, मग गळा चिरायचा. संतांना छळणाऱ्या सैनिकांना, जल्लादांना कुणी बोटही लावत नव्हतं. त्यांची पूजा कोण करतंय!

सोन्याचा वर्ख तिनंच चिकटवला होता, रंग वाळल्यावर, अगदी शेवटी. तो खरवडून निघतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? वलय गेलं. दात गेला. खालच्या नावावर तिनं मेणबत्तीची काजळी फासली. सुरी निसटून तळहात चिरला, पण तिकडे बघायला वेळ कुणाला होता.

दार कोसळलं. वीस-पंचवीस जण कुऱ्हाडी घेऊन आत घुसले. मेरीच्या पुतळ्याचं मुंडकं एका घावात उडालं. आडव्या आलेल्या म्हाताऱ्या पाद्र्याच्या तोंडावर कुणीतरी दांडा हाणला, तो रक्त ओकत खांबापाशी बसला.

"ए म्हातारे, हो बाजूला!" टोळीचा म्होरक्या रोंबाउट, हातात पिंपं ठोकायचा हातोडा. "ही कोण गं?"

"जल्लादाची बायको." बार्बेलनं सुरी पाठीमागे लपवली. "हिनंच दात उपटले संतबाईंचे."

"मग हिला कवटाळून का उभीयेस?"

"कवटाळतेय कुठली! तुमचे घाव कुठंही पडतायत, म्हणून इथं टेकलेय भिंतीला."

रोंबाउटनं चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हातोडा वर उचललाच होता त्यानं.

"अस्सं? मग थुंक बघू तिच्या तोंडावर."

बार्बेल वळली. योसिना तिच्याकडेच बघत होती, ताप चढलेल्या रात्री बघायची तशी. ती थुंकली.

"वा रे पठ्ठी!" रोंबाउट खदखदून हसला. "राहू द्या रे हिला! कामाची बाई आहे, आपल्यातलीच!"

ते पुढच्या भिंतीकडे गेले. बार्बेलनं कमरेच्या फडक्यानं तो गाल पुसला. पुसताना तळहाताचं रक्त पोरीच्या बोटांवर, सांडशीवर माखलं.

"रागावू नको गं, बाळा," ती पुटपुटली.

ती फळी आज तिथल्याच संग्रहालयात आहे. खाली पितळी पाटी: 'जल्लादाची बायको. चित्रकार अज्ञात.' वाटाड्या लोकांना आवर्जून तिच्यापुढे थांबवतो.

"हाताला रक्त दिसतंय ना?" तो म्हणतो. "आता डोळे बघा तिचे. दयामाया औषधालासुद्धा नाही."