भाकरीचा तुकडा

"अजून एकदा शी खाल्ली, की पिल्लू जिथून आणलं तिथं परत," सासूबाईंनी बजावलं. मी रोज ओरडत होते, तरी ते कुत्र्याचं पिल्लू आपलीच शी गिळायचं.

"तुम्ही ओरडता, म्हणूनच खातं," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला दिसू नये म्हणून."

आज अंगणात शी करून ते माझ्याकडे बघत थरथरलं. मी भाकरीचा तुकडा पुढे धरला. "ये, राजा." शी तशीच टाकून ते धावत आलं. माझ्या इतक्या ओरडण्यानंतरही त्या इवल्या जिवानं विश्वास ठेवला; मी थक्क होऊन बघत राहिले.

दारातून बघणारी माझी तीन वर्षांची लेक आत गेली. कपाटामागे लपवलेली ओली चड्डी आणून तिनं माझ्या हातात दिली.

"मला पण भाकरी," ती म्हणाली.