मेणबत्तीवरचा आकडा

वैजापूरच्या त्या खो-खो खेळाडूचं पोस्टर दोन वर्षं आमच्या सिडकोतल्या घरात, हॉलच्या भिंतीवर होतं. माझ्या लेकीला, मैत्रीला, पहाटे खो-खोच्या सरावासाठी उठवताना मी रोज त्याच्याकडं बोट दाखवायचो. "बघ, अशी घडते पोरगी. हिच्यासारखी हो."

आज सकाळी पेपरात बातमी आली. वय कमी दाखवून ती इतकी वर्षं लहान मुलींच्या गटात खेळत होती. जन्माचा दाखलाच खोटा निघाला आणि तिच्यावर बंदी आली.

माझं डोकंच फिरलं. स्टुलावर चढून पोस्टर ओढलं, तर भिंतीचा रंगही सोबत निघाला.

"आपण हिला डोक्यावर घेतलं, अन् हिनं आपल्याच डोळ्यांत धूळ फेकली," मी बायकोला म्हणालो. "लेकरांनी आता बघायचं तरी कुणाकडं? खरं वय सांगायला हिची काय जीभ झडली होती?"

खाली वाकून सुलेखा रंगाचे पोपडे गोळा करत राहिली. संध्याकाळी मैत्रीचा वाढदिवस होता. तिच्या संघातल्या सगळ्या पोरी आणि त्यांचे सर घरी येणार होते.

केक आणायला निघालेली मैत्री दारातच थांबली.

 

"पप्पा, केकवर लावायला आकड्याची मेणबत्ती कोणती आणू? पंधराची, का तुम्ही माझ्या संघाच्या फॉर्मवर लिहिलेल्या तेराची?"