काठोकाठ

"आज कुणी हसायचं नाही," सिस्टरनी बजावलं. "आणि टेलरकाका, तुम्ही गाणं म्हणायचं नाही. पुस्तकात गाणं नाही."

"पुस्तकात आम्ही तरी कुठं आहोत?" टेलरकाका म्हणाले.

आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत खुर्च्या रांगेत मांडल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीची पाठ धरून एकेक म्हातारं माणूस उभं होतं. उतारवयात तोल जाऊन पडू नये म्हणून चालवलेला हा दर मंगळवारचा वर्ग. तो नेमून दिलेल्या पुस्तकाप्रमाणे चालतो की नाही हे बघायला आज वरच्या कार्यालयातून एक बाई येणार होत्या. जिथं तसा चालत नाही तिथला बंद करणार, अशी कुणकुण होती. सिस्टरनी चहाचे कप कोपऱ्यातल्या ओट्यावर फडक्याखाली झाकून ठेवले.

"चोरीचा माल," अक्का म्हणाल्या. त्या वर्गातल्या सर्वांत वडील.

बाई आल्या, भिंतीजवळच्या स्टुलावर बसल्या आणि वर्ग पुस्तकाप्रमाणे झाला. उजवा पाय वर. डावा पाय वर. मान इकडे, मान तिकडे. मग भिंतीला हात टेकून, पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या बोटांना चिकटवत चालणं. कुणी हसलं नाही. अक्का तर शोकसभेला आल्यासारख्या दिसत होत्या. सिस्टरना जांभई आली, ती त्यांनी खोकल्यावर निभावून नेली.

"छान," बाई म्हणाल्या. आवाजात छान काही नव्हतं.

"चहा घेणार ना?" सिस्टरनी सुटल्यासारखं विचारलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

कारण टेलरकाका ओट्याकडे गेले. त्यांनी कप काठोकाठ भरला, बशीत ठेवला आणि निघाले. टाच बोटांना चिकटवत, एकेक पाऊल, जमिनीवर दोरी ताणलेली असावी तसे. सिस्टर डोळे मोठे करून खुणावत होत्या, साधं चाला, साधं. काकांचं लक्ष कपावर. त्या खोलीत चहा घेऊन दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं चालणं त्यांना आता जमतच नव्हतं.

त्यांनी बशी बाईंच्या हातात दिली. ती कोरडी होती.

"नाही सांडला!" अक्का ओरडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग भानावर येऊन हात खाली घेतले.

बाईंनी कपाकडे पाहिलं, मग काकांच्या पायांकडे. "हे कुठल्या पानावर आहे?"

"कुठल्याच नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण चहा कोमट असतो हो. भाजत नाही कुणाला. मी बाजूनं चालते."

"सुरू कसं झालं?"

"खुर्ची धरून उभं राहा म्हटलं, तर लोक यायचेच थांबले. मग एकदा काका म्हणाले..."

"थांबा, मी सांगतो," काका म्हणाले. "घरी मला सून कपाला हात लावू देत नाही. चांगली आहे हो पोर. म्हणते, बाबा, तुम्ही बसा, मी आणते. बसून बसून माणसाची खुर्ची होते. मी सिस्टरना म्हटलं, मला दुसरं काही नको. घरी पाहुणा आला, तर त्याला चहा नेऊन देता आला पाहिजे."

"आणि ज्याचा सांडेल, त्यानं पुढच्या मंगळवारी सगळ्यांसाठी चहा करून आणायचा," अक्का म्हणाल्या. "काकांच्या हातचा इतका प्यायलोय, की त्यांनी जन्मभर कपडेच शिवले ते बरं केलं."

सगळे हसले. सिस्टर सोडून.

बाईंनी एक घोट घेतला. "बाकीच्या केंद्रांत सगळं पुस्तकाबरहुकूम असतं," त्या म्हणाल्या. "खुर्च्या अगदी सरळ रांगेत. मागं माणसं नसतात."

अक्का त्यांच्याजवळ सरकल्या. "तुमच्या घरी आहे का कुणी आमच्यासारखं?"

"आई होती."

"पडली?"

"हो. आम्ही तिला जागची हलू देत नव्हतो. तरीही."

बाईंना हाताला धरून अक्कांनी ओट्याशी नेलं, दुसरा कप भरला, अगदी काठापर्यंत, आणि त्यांच्या हातात दिला. "सिस्टरना नेऊन द्या. सकाळपासून त्यांच्या पोटात पाणीसुद्धा नाही."

बाईंनी चपला काढल्या. टाच बोटांना चिकटवली.

"नजर समोर!"

"पायांकडे काय बघता, ते कुठं पळून जात नाहीत!"

टेलरकाकांनी गाणं सुरू केलं, पुस्तकात नसलेलं आणि सुरातही नसलेलं. खोलीच्या मध्यावर बाईंना हसू फुटलं. हसू आणि कप एकदम सांभाळता येत नाहीत. चहा बशीत आला, बशीतून मनगटावर.

"सांडला!" जो तो ओरडला. ज्यांना टाळ्या वाजवणं जमत नव्हतं, त्यांनी खुर्च्यांच्या पाठी बडवल्या.

"पुढचा मंगळवार तुमचा," अक्का बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. पुढचा मंगळवार आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गाणं थांबलं. सगळे बाईंकडे बघू लागले.

बाईंनी उरलेली पावलंही तशीच टाकली, कप सिस्टरच्या हातात दिला आणि मनगट पुसलं.

"साखर किती लागते सगळ्यांना?"

एकच गलका झाला. कुणाला दोन चमचे, कुणाला अजिबात नको, काकांना सून नको म्हणते तेवढी. सिस्टरनी रांगेतली एक खुर्ची ओढली, तिच्यावर बसल्या आणि आधी बशीतला, मग कपातला, सगळा चहा पिऊन टाकला.