सुनेत्राचं मशीन

धोब्याने दगडावर आपटावेत तसे कपडे मशीनमध्ये आदळू लागले, तेव्हा नीलांबरीने लाटणं खाली ठेवलं.

"हेरंब, आज नवीन मशीन मागवायचं म्हणजे मागवायचं!"

"दुरुस्त होईल गं. सुनेत्राने किती मायेने शिकवलंय त्याला."

हेच ते! लग्नात सासूने नीलांबरीच्या गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक बांधला होता, तो तिने निमूट घातला. तो निदान आवाज तरी करत नव्हता. पण ही मशीनं पहिल्या मालकिणीचा हात, सवयी, राग-लोभ सगळं उचलत. हेरंबच्या पहिल्या बायकोच्या, सुनेत्राच्या हाताने हे मशीन त्याच्या कॉलरी लाडालाडाने घासायचं आणि नीलांबरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुपारी मेकॅनिक सामंत आला. त्याने हेरंबचे शर्ट धुऊन पाहिले, मशीन शांत. नुसत्या नीलांबरीच्या साड्या टाकल्या, तरी शांत. मग दोघांचे कपडे एकत्र टाकले, तशी भिंत हादरू लागली.

"बिघाड काही नाही, वहिनी," तो मान खाजवत म्हणाला. "तुमची साडी साहेबांच्या शर्टाला गुंडाळली की याचं डोकं फिरतं. आठवण पुसतो, पाच मिनिटांत गप्प होईल."

हेरंबचा चेहरा उतरला. नीलांबरी त्या थरथरत्या झाकणाकडे बघत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, या घरात आपण एकट्याच जळतोय.

"नको," ती म्हणाली. "पुसू नका आणि बदलायचंही नाही. आजपासून दोघांचे कपडे एकत्रच धुवायचे. ओरडू दे!"