मेला तो मेला

"संवाद वाचायला वेळ कुणाला आहे, कवयित्रीबाई? लोक बटण दाबून पुढं जातात," म्हणत निरंजननं हेमांगीच्या वाक्यांना कात्री लावायला घेतली. लढाईच्या गेममधल्या शिपायांची गोष्ट ती लिही. त्यांच्या वाटेत अडचणी पेरायचं काम त्याचं. त्याचा नियम कडक होता: मेला तो मेला, मागं जाऊन खेळी बदलायची नाही. कुणी हळहळलं तर म्हणे, "मग सापशिडी खेळा!"

"खुशाल काप," हेमांगी म्हणाली, "पण आधी एकदा बटण न दाबता खेळून दाखव."

सगळं ऑफिस भोवती जमलं. निरंजन ऐटीत बसला आणि पूल अडवायला त्यानं म्हाताऱ्या तिरंदाजाला पुढं ढकललं. म्हातारा जाता जाता वळला. "लेकीला सांगा, बाप कोकरू हुडकायला गेलाय. लढाईचं नाव काढू नका."

निरंजन घुटमळला; पण खेळी झाली होती. त्यानंच पेरलेले शत्रू त्यानंच ठरवल्याप्रमाणे धावून आले. म्हातारा पुलावर पडला. मग तळावर एक चिमुरडी विचारत आली, "कोकरू सापडलं का?"

स्क्रीन काळी झाली. निरंजनचा हात टेबलाखाली, वायरपाशी होता.

"लाइट गेली वाटतं," तो म्हणाला. डोक्यावर पंखा गरगरत होता.

मग तो पुटपुटला, "वाक्यं राहू देत तुझी. पण म्हाताऱ्याला वाचवता येईल का गं?"

"मी नुसतं लिहिते रे," हेमांगी म्हणाली. "मारलंस तू."